गेटवरची सहल

"ईद झाली की मी पेपर टाकतोय, ताई."

शारजाहून दुबईला जाणारा रस्ता, सकाळची वेळ, आणि पुढे नजर पोचेल तिथवर गाड्यांचे लाल दिवे. आम्हा आयटीवाल्यांच्या भाषेत राजीनामा देणं म्हणजे पेपर टाकणं. हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता ते कानावरून जातं. पण हा असं काही म्हणेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

"कुठली ईद?" मला एवढंच सुचलं.

"बकरी ईद," तो म्हणाला आणि त्याने शांतपणे लेन बदलली. त्या रस्त्यावर लेन बदलून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. तरी सगळे बदलतात.

तो रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावचा, मी नाशिकची. शारजात आम्ही एकाच इमारतीत राहतो, आणि त्याच्याच गाडीतून ऑफिसला जातो-येतो. ऑफिसात तो मला 'मॅडम' म्हणतो आणि आम्ही हिंदी-इंग्रजी बोलतो. गाडीचं दार लागलं की मी 'ताई' होते आणि मराठी सुरू होते. टीमची प्रमुख मी असले, तरी टीमचा जीव तो. कुणाचा प्रोग्रॅम अडला की खुर्ची सरकवत त्याच्याकडे जायचं, ही आमच्याकडची रीत. समोरच्याला 'तुला एवढंही कळत नाही का' असं न वाटू देता शिकवणारा माणूस आमच्या धंद्यात विरळा. तो गेला असता तर माझी टीम नावाला उरली असती, आणि खरं सांगायचं तर सकाळी उठून ऑफिसला जायची माझी हौसही.

"कुठे चाललास? बँकेत? अबू धाबीला?"

"सासऱ्यांच्या दुकानात."

त्याच्या सासऱ्यांचं शारजाच्या इंडस्ट्रियल भागात ट्रकच्या स्पेअरपार्टचं दुकान आहे. मुरुडहून आलेला माणूस, आयुष्य त्या दुकानात गेलं. आता गुडघे बोलायला लागले होते आणि काउंटरवर बसायला घरचं माणूस हवं होतं.

"अरे, इतकी वर्षं प्रोग्रॅमिंग केलंस आणि आता ब्रेकचे पॅड विकणार?" मी चिडले. मला राग पटकन येतो. जातोही पटकन, पण मधल्या वेळात समोरच्याचं काही खरं नसतं.

तो मात्र चिडला नाही. "ताई, तिथे माणूस समोर येतो. बोलतो, गाडी बंद आहे. मी पार्ट देतो, तो लावतो, गाडी चालू होते आणि तो जातो. मला दिसतं ते." मग म्हणाला, "इथे काय दिसतं?"

पुढची गाडी हलली, आम्हीही हललो.

त्याच आठवड्यात, 'दुष्काळात तेरावा महिना' म्हणतात तसं, कंपनीच्या वार्षिक पाहणीचा निकाल लागला. आमच्या कंपनीत दरवर्षी सगळ्यांना प्रश्न विचारतात. तुम्हाला सकाळी कामावर यावंसं वाटतं का, तुमच्या कामाला अर्थ आहे असं वाटतं का, वगैरे. त्याच्या उत्तरांवरून कुठल्या टीमचं कामात किती मन आहे ते काढतात. त्याला ते एंगेजमेंट म्हणतात. हा शब्द ऐकला की मला अजूनही साखरपुडा आठवतो. तर आमची टीम त्या यादीत अगदी तळाला होती.

एचआरच्या बाईंनी मला बोलावलं. त्या लेबनॉनच्या. मनाने प्रेमळ, आणि केस नेहमी आत्ताच सलूनमधून आल्यासारखे. त्यांनी माझा हात हातात घेतला. सगळ्या बायकांना त्या हबीबती, म्हणजे लाडके, म्हणतात.

"हबीबती, युवर टीम इज सॅड," त्या म्हणाल्या, आणि माझ्या ब्लाउजवर एक गोल बिल्ला लावला. त्यावर लिहिलं होतं, एंगेजमेंट चॅम्पियन.

तो बिल्ला लावून मी जागेवर आले तेव्हा टीम हसून हसून खाली पडायची बाकी होती. चला, निदान तेवढ्यापुरतं तरी त्यांचं मन लागलं.

आधीच्या वर्षांत आमच्यावर सगळे उपाय करून झाले होते. बीनबॅग आणल्या होत्या. त्यात माझ्या वयाची बाई एकदा बसली की दोघांनी ओढल्याशिवाय उठत नाही. पिझ्झाचा गुरुवार झाला, योगाचा बुधवार झाला, भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवून एकमेकांचे आभार मानून झाले. पी हळद नि हो गोरी. या वर्षीचा उपाय होता टीम आउटिंग. उन्हाळा चढायच्या आत टीमला कुठेतरी घेऊन जा, धमाल करा, फोटो पाठवा.

मी टीमला विचारलं, कुठे जायचं. कुणीतरी डेझर्ट सफारी म्हणालं आणि सगळ्यांनी एका सुरात नको म्हटलं. इथे राहणाऱ्या प्रत्येकाची ती सफारी गावाकडून पाहुणे आले की होतेच. वाळूच्या टेकड्यांवरून गाडी उडवतात, पाहुणे किंचाळतात आणि आपण पोट धरून बसतो. बोटीवरचं जेवण, तेही नको. बोलिंगला जाऊ म्हणणारा एकटाच होता, आणि तोही फार जोर लावून म्हणत नव्हता.

ही चर्चा चालू असताना भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर एक तिकीट येऊन पडलं. तिकीट म्हणजे तक्रार. कुणाचंही काही बंद पडलं की ते तक्रार लिहितात, ती आमच्याकडे तिकीट होऊन येते, आम्ही बघतो आणि बंद करतो. या तिकिटात नेहमीचंच वाक्य होतं. जबल अली, गेटवरचा स्क्रीन बंद.

सगळ्यांनी हुश्श केलं, कारण हे तिकीट आम्हाला पाठ होतं.

आमची कंपनी गोदामं चालवते. सगळ्यात मोठं गोदाम जबल अलीच्या इंडस्ट्रियल भागात, फ्री झोनच्या कुंपणाच्या अलीकडे. तिथल्या गेटवर एका खांबाला, ट्रकवाल्याच्या खिडकीच्या उंचीवर, एक टचस्क्रीन बसवलाय. ट्रक येतो, ड्रायव्हर खिडकीतून हात काढून आपला नंबर टाकतो, स्क्रीन त्याला कुठल्या दरवाज्याला गाडी लावायची ते सांगतो आणि फाटक वर जातं. हा सगळा कारभार आमच्या टीमने केलेला. त्याचा आम्हाला अभिमान होता. विशेषतः त्याच्या रूपाचा. आमची डिझायनर फिलिपिन्सची, कामाला अत्यंत चोख. तिने काळ्याभोर पार्श्वभूमीवर बारीक निळी अक्षरं काढली होती. डोळ्यांना थंडावा. आमच्या ऑफिसात पडदे कायम ओढलेले, एसी असा की मी बारा महिने शाल ठेवते. त्या गारव्यात, अंधुक उजेडात तो स्क्रीन इतका देखणा दिसायचा की कंपनीने त्याला बक्षीससुद्धा दिलं होतं.

पण हे तिकीट काही थांबत नव्हतं. आम्ही प्रत्येक वेळी इथे बसून दूरवरून त्या स्क्रीनमध्ये डोकावायचो. स्क्रीन व्यवस्थित चालू असायचा. निळी अक्षरं जागच्या जागी. मग 'आमच्याकडे दिसत नाही' असा शेरा मारून तिकीट बंद करायचो. दोन-तीन दिवसांनी ते परत यायचं. आमच्या रत्नागिरीकराने खूप डोकं लावून एक गोष्ट शोधून काढली होती. तक्रारी येतात त्या उन्हाळ्यात, आणि त्याही दुपारच्याच. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की दुपारी ट्रक जास्त येत असणार आणि सर्व्हरवर ताण पडत असणार. आम्ही सर्व्हर वाढवला. त्याने प्रोग्रॅमचा अख्खा एक भाग नव्याने लिहिला. सुंदर लिहिला होता, मी स्वतः वाचला होता. तिकिटं येतच राहिली. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि उंटांच्या देशात राहूनही आमच्या ते लक्षात आलं नाही.

तो त्या तिकिटाकडे बघत राहिला. मग खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "बोलिंग-फोलिंग छोडो. पिकनिक इसी गेट पे करते हैं. डब्बा लेके."

सगळे हसले. मी नाही हसले. गाडीतलं त्याचं 'इथे काय दिसतं' हे तेव्हापासून माझ्या डोक्यात घोळत होतं. गेट आमच्या ऑफिसपासून गाडीने किती लांब असेल? रोज शारजाहून येताना आम्ही ज्या कोंडीत अडकतो, तिच्यापेक्षा नक्कीच जवळ. आणि आमच्यातल्या एकाही माणसाने ते डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. सगळं इथूनच दिसतं तर जायचं कशाला.

"ठरलं," मी म्हणाले. "आउटिंग टू जबल अली. यल्ला, चलो."

टीमला वाटलं मी गंमत करतेय. एचआरच्या बाईंनाही तेच वाटलं. "वेअरहाऊस?" त्यांनी तीनदा विचारलं. "हबीबती, आर यू शुअर? नॉट द बीच?" मी म्हटलं, शुअर. त्यांच्या चेहऱ्यावरून आमच्या टीमची अवस्था त्यांना वाटली होती त्याहून गंभीर आहे, असं त्यांना वाटलेलं दिसत होतं. पण परवानगी मिळाली.

गोदामात जायचं तर आधी सुरक्षिततेचं व्याख्यान ऐकावं लागतं, पिवळं जॅकेट घालावं लागतं आणि पुढे लोखंड असलेले बूट. बूट तिथल्याच खोलीत मांडलेले होते, सगळे पुरुषांच्या मापाचे. आमची डिझायनर एवढीशी, तिच्या पायात ते बूट म्हणजे दोन होड्या. ती चालायची तेव्हा आधी ती पुढे जायची आणि मग बूट. मी माझ्या पंजाबी ड्रेसवर जॅकेट चढवलं आणि काचेत बघितलं, तर अगदी रस्ता खोदायला निघालेली बाई. आम्ही एकमेकांचे फोटो काढले. तोही हसत होता. त्याला मी कित्येक महिन्यांत असं हसताना पाहिलं नव्हतं.

मग आम्ही बाहेर पडलो आणि सगळ्यांचं हसू आटलं. ऊन म्हणजे काय हे आम्ही विसरलो होतो. आम्ही पार्किंगमधून लिफ्टमध्ये, लिफ्टमधून ऑफिसात जाणारी माणसं. डोक्यावर सूर्य आला होता, जमिनीतून वाफ येत होती आणि गेटबाहेर ट्रकची रांग लागली होती. हॉर्नवर हॉर्न. गेटवरचा सुरक्षारक्षक त्याच्या केबिनमधून बाहेर यायचा, ड्रायव्हरला नंबर विचारायचा, आत जायचा, बटण दाबायचा, फाटक वर जायचं, की पुन्हा पुढच्यासाठी बाहेर. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"स्क्रीन?" आमच्या रत्नागिरीकराने रक्षकाला विचारलं.

"बंद है," रक्षक म्हणाला. "रोज दोपहर को बंद."

आम्ही सगळे त्या खांबापाशी गेलो. इतकी वर्षं ज्याच्याविषयी बोलतोय त्याला पहिल्यांदा भेटायचं होतं. आणि मला स्क्रीनमध्ये दिसली मी. पिवळं जॅकेट, लाल झालेलं तोंड, कपाळाला चिकटलेले केस. माझ्या मागे आकाश, मागे ट्रक, सगळं लख्ख. अक्षर एक नाही.

तेवढ्यात एक ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हर पठाण, भरघोस मिशांचा. त्याने खिडकीतून वाकून स्क्रीनमध्ये पाहिलं, दोन बोटांनी मिशी नीट केली, मान वळवून दुसरी बाजू पाहिली आणि मग हॉर्न दिला.

"भाईसाब, स्क्रीन पे क्या दिखता है?" आमच्या रत्नागिरीकराने त्याला विचारलं.

"अपना थोबड़ा," ड्रायव्हर म्हणाला. "अच्छा शीशा लगाया है कंपनी ने."

रत्नागिरीकराने लॅपटॉप उघडला आणि मांडीवर ठेवून, केबिनच्या चिंचोळ्या सावलीत उकिडवा बसून त्या स्क्रीनमध्ये डोकावला. लॅपटॉपवर निळी अक्षरं व्यवस्थित दिसत होती. त्याने लॅपटॉपकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारला. सर्व्हर, ताण, सुंदर लिहिलेला तो प्रोग्रॅम, सगळं त्याच्या चेहऱ्यावरून सरकताना मला दिसलं. मला वाटलं, झालं, आता हा इथूनच सासऱ्यांच्या दुकानात जाणार.

आणि तो हसायला लागला. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. डिझायनर बिचारी रडवेली झाली होती, तिलाही हसू फुटलं. मग सगळेच. रांगेतले ड्रायव्हर आमच्याकडे बघत होते की ही माणसं उन्हाने गेली कामातून.

त्यानंतर जे झालं ते आठवलं की मला आजही उठून उभं राहावंसं वाटतं. कुणी कुणाला काम सांगितलं नाही. डिझायनर केबिनच्या पायरीवर बसली आणि तिने पाठ असलेले रंग एकेक पुसायला सुरुवात केली. पांढरी पार्श्वभूमी, काळी अक्षरं, आणि अक्षरं एवढी मोठी की शाळेच्या फळ्यावर शोभतील. बोलिंगवाला मुलगा खांबापाशी उभा राहून ओरडत होता, "दिखता नहीं, दिखता नहीं, थोड़ा दिखा." चौथा, जो ऑफिसात दिवसभर हेडफोन लावून बसतो आणि ज्याचा आवाज मला नीट माहीतही नव्हता, तो गोदामातून एक पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आला. ते फाडून त्याने स्क्रीनच्या डोक्यावर टोपीसारखं छप्पर केलं आणि पॅकिंगच्या टेपने गुंडाळलं. तिथे टेपला काय तोटा. आणि तो, मांडीवर लॅपटॉप, कपाळावरचा घाम कीबोर्डवर पडू नये म्हणून डोक्याला रुमाल बांधलेला, अक्षरशः गाणं गुणगुणत होता.

एक अडचण होती. आमच्याकडे अशी चालू गोष्ट बदलायची तर मंजुरी लागते, आणि मंजुरी देणारी समिती आठवड्यातून एकदा बसते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आमच्या साहेबांना फोन लावला. ते हैदराबादचे, नियमाला धरून चालणारे.

"अर्जंट है क्या? सिस्टम डाउन है?"

"नहीं सर. सिस्टम चालू है. हमेशा से चालू है. बस किसी को दिखता नहीं है."

मागे हॉर्न वाजत होते. "तुम हो कहाँ?"

"गेट पे, सर."

"कौनसे गेट पे?"

"अपने गेट पे."

साहेबांनीही ते गेट पाहिलेलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. "कर डालो," ते शेवटी म्हणाले. "जिम्मेदारी तुम्हारी." मी म्हटलं, माझी. मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

त्याने बटण दाबलं. खांबावरचा आरसा क्षणभर विझला आणि पांढरा झाला. पुठ्ठ्याच्या छपराखाली मोठी काळी अक्षरं उभी राहिली. तुमचा नंबर टाका. इंग्रजीत, अरबीत आणि उर्दूत. उर्दू त्याने तिथल्या तिथे घातली होती, कुणाला न विचारता.

पुढचा ट्रक आला. ड्रायव्हरला आमच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याचं फोनवर कुणाशी तरी मल्याळममध्ये भांडण चाललं होतं. भांडता भांडता त्याने हात बाहेर काढला, नंबर टाकला, स्क्रीनकडे एकदा बघितलं, फाटक वर गेलं आणि तो आत गेला. भांडण चालूच. सुरक्षारक्षक केबिनच्या दारात निघायच्या बेतात उभा होता, तो तसाच उभा राहिला.

"गेला," लॅपटॉपवरून मान वर करून रत्नागिरीकर म्हणाला. मराठीत. ऑफिसच्या सगळ्या माणसांदेखत.

मग दुसरा ट्रक. "हा पण गेला." डिझायनरने टाळ्या वाजवत उडी मारली आणि एक बूट पायातून निघून रस्त्यावर पडला. तिसरा ड्रायव्हर तिचा बूट बघून हसला, नंबर टाकला आणि गेला. चौथा गेला. आम्ही उन्हात ओळीने उभे राहून ट्रक जाताना बघत होतो आणि प्रत्येक वेळी आनंदाने वेडे होत होतो. हॉर्न थांबले होते. मला रडू येत होतं आणि ते घामात खपून जात होतं, म्हणून मी येऊ दिलं.

डबे आम्ही गोदामाच्या कँटीनमध्ये उघडले तेव्हा दुपार टळून गेली होती. एचआरच्या बाईंना मी फोटो पाठवले. त्यांचं उत्तर आलं, "व्हाय आर यू ऑल सो रेड?" आणि मग, "बट सो हॅपी."

परतीच्या वाटेवर, शारजाच्या नेहमीच्या कोंडीत, तो बोलत सुटला होता. पुठ्ठ्याच्या जागी पत्र्याचं छप्पर हवं. बंगाली आणि मल्याळमही घालू या. दाट धुकं असतं हिवाळ्यात पहाटे, तेव्हा बटणं कशी दिसतात ते बघायला हवं, पुन्हा जायला हवं. माणूस थकतो तो कामाने नव्हे, कामाचं टोक कधीच न दिसण्याने, हे मला त्या दिवशी त्याच्या बडबडीतून कळलं. मी त्याला बोलू दिलं. पेपरांचं मात्र त्याने काही काढलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

तेच माझ्या जिवाला लागून राहिलं. ईद जवळ येत होती. आनंदाचा एक दिवस एका बाजूला आणि घरचं दुकान दुसऱ्या बाजूला. माझा नवरा म्हणायचा, "सरळ विचार ना त्याला, एवढं काय." मी विचारत नव्हते, कारण उत्तर नको होतं. एकदा लिफ्टमध्ये त्याची बायको भेटली. ती खुशीत होती. "अब्बांनी काउंटरला नवा रंग मारून घेतलाय, भाभी. गिरकीची खुर्ची पण आणलीय ह्यांच्यासाठी." मी छान, छान म्हटलं आणि माझ्या मजल्याच्या आधीच्याच मजल्यावर उतरले. गिरकीची खुर्ची. त्या खुर्चीचा मला इतका राग आला की तिच्यावर बसणाऱ्याचं नाव काढायला नको.

ईदच्या सकाळी मी त्याला फोन केला, त्याने उचलला नाही. दुपारी त्याची बायको बिर्याणीचं भांडं घेऊन आली. दरवर्षी तो स्वतः आणायचा.

"तो कुठे आहे?" मी विचारलं.

"अब्बांना घेऊन गेलेत सकाळीच. दुकान बघायचं असेल काही, मला कुठे सांगतात," ती म्हणाली.

मी भांडं घेतलं. ईदच्या दिवशी सासऱ्याबरोबर दुकान बघायला जाणारा माणूस ईदनंतर काय करणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. बिर्याणी नेहमीसारखीच सुरेख झाली असणार. मला चव लागली नाही. नवऱ्याने दोनदा वाढून घेतली आणि माझ्याकडे बघून तिसऱ्यांदा घेतली नाही.

संध्याकाळ व्हायच्या आधी फोन वाजला.

"ताई, ईद मुबारक. सकाळी तुमचा फोन बघितला नाही."

"मुबारक," मी म्हणाले. मागे वाहनांचा आवाज येत होता. "काय, दुकान बघून झालं?"

"दुकान कुठे? मी जबल अलीला आहे. गेटच्या बाहेर, कुंपणापाशी."

"ईदच्या दिवशी?"

"अब्बांना दाखवायला आणलं. हे घ्या, ते बोलतात."

त्याच्या सासऱ्यांशी माझं जिन्यात सलाम-नमस्कारापलीकडे बोलणं नव्हतं. त्यांचा आवाज जाड आणि दमलेला होता.

"बाई, ह्याने मला कधीपासून उन्हात उभा करून ठेवलाय," ते म्हणाले. "ट्रक येतो. थांबतो. ड्रायव्हर हात बाहेर काढतो. ट्रक जातो. गेला की हा माझ्याकडे बघतो. मी काय बोलू? चाळीस वर्षं ट्रकच बघतोय मी."

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"मी बोललो, चल बाबा, आता दुकानाकडे जाऊ, तुला खुर्ची दाखवतो. तर बोलतो, अब्बा, अजून एक जाऊ द्या." मागून त्याचा आवाज आला, आला बघा, आला. "बाई, हा माणूस माझ्या काउंटरच्या कामाचा नाही. मी मुलीला सांगतो काय ते. ठेवा तुम्ही ह्याला."

पलीकडे ट्रकचे ब्रेक लागल्याचा आवाज झाला, आणि तो ट्रक आत जाईपर्यंत मी फोन ठेवला नाही.